तुरटीचं शेवटचं पाणी

ये, अशी जवळ सरकून बस. कागदावरच का होईना, बस. खरी यायला तुला सवड कुठं आहे? फोन केला की तिकडून तुझं "हं आजी, हं आजी" चालू, अन् मागं टकटक टकटक. परवा मी काय सांगत होते ते विचारलं तर म्हणशील दवाखान्याचं. मी सांगत होते लोणच्याचं! म्हणून आता लिहूनच धाडते. लिहिलेल्याला "हं" म्हणून भागत नाही, वाचावं लागतं. शाळा माझी चौथीत सुटली, पुढचं सगळं किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकले. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. माणूस पाहा.

मागं आली होतीस तेव्हा विचारलं होतंस, वरच्या खोलीच्या भिंतीवर ते जांभळे-पिवळे डाग कसले. ते आमच्या सरांचे.

सर म्हणजे आमचे भाडेकरू. इथं अमरावतीत एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, तेही तासांवर. कायम कधी झालेच नाहीत. मूळ अकोल्याचे, घराणं रंगरेजांचं. अब्बांचं कपडे रंगवून देण्याचं दुकान होतं. खोली दिली तेव्हा शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "मुसलमान भाडेकरू ठेवला काय वं?" मी म्हटलं, "भाडेकरू ठेवला, जावई नाई केला." पुढं त्याच काकू उतरलेलं लुगडं घेऊन जिना चढायच्या, "सर, याले जरा रंग दाखवा ना," म्हणत.

अंगानं नुसती काडी. डोळे मोठे. बोटं मात्र रोज निराळ्या रंगाची, आज बिटाची तर उद्या पालकाची. जेवायचे चमच्यानं. मी विचारलं काहून, तर म्हणाले, "मावशी, रंग पोटात गेला तं चालते. भाजीचं तेल बोटाले लागलं तं माही काच खराब होते." खिशात रुमाल नसायचा, पांढऱ्या मांजरपाटाच्या पट्ट्या असायच्या. बाजारात भाजी घेण्याआधी पान चोळून पट्टीवर उतरवायचे अन् पट्टी उन्हात धरून एक डोळा मिटून पाहायचे. मेथीवाली खवळायची.

"अजी सर, भाजी खाची हाये का कपडे रंगवाचे?"

"दोनी नाई. दिवा लावाचा हाये."

ती मला हळूच म्हणाली, "तुमच्या भाडेकरूले ऊन लागलं काय वं माय?"

तिचं काही चुकलं नव्हतं. दुसरं काय लागलं होतं त्यांना? गच्चीवर मी लुगडं वाळत घातलं की खालून ओरडायचे, "मावशी, सावली!" मी पापड घातले तरी सावली, मी उभी राहिले तरी सावली. एकदा मी म्हटलं, "आता ढगालेबी सांगून पाहा." तर मान वर करून गंभीरपणे म्हणाले, "सांगून पाह्यलं. ऐकत नाई." एकदा कॉलेजची सहल चिखलदऱ्याला गेली होती. सगळी पोरं दरी पाहत उभी राहिली, अन् हे परत आले ते कॉफीच्या झाडाखाली पडलेल्या लाल बोंडांची पिशवी घेऊन. मी विचारलं, "दरी कशी होती?" म्हणाले, "कोनती दरी?"

त्यांचं काय चाललं होतं ते मला त्यांनी बटाटे सोलता सोलता समजावलं. तुला हसू येईल, कारण तू पुण्याला तेच शिकते आहेस. पण मला ते त्यांच्याकडून कळलं, तसंच सांगते.

"मावशी, झाडाचं पान काय करते? ऊन खाते अन् जगते. कशाच्या भरोशावर? रंगाच्या. मंग त्या रंगाले काचेवर बसवलं तं तो आपल्याले उन्हातून वीज काहून नाई देणार?"

एका बाजूनं वीज वाहून नेणारी काच मुंबईहून यायची. तिच्यावर एक पांढरी पूड खलून सायीसारखी पातळ पसरायची, भाजायची, मग फुलाफळाच्या रसात बुडवून ठेवायची. दुसरी काच दिव्यावर धरून काजळीनं काळी करायची. दोन्ही तोंडाला तोंड लावून चिमट्यानं आवळायच्या अन् मधे जखमेवर लावायचं आयोडीन सोडायचं. झालं. पहिली काच त्यांनी माझ्या गॅसवर, माझ्या लग्नातल्या तव्यावर भाजली. तडकन फुटली. तवा पाहून म्हणाले, "तवा फुटला असता अन् काच वाचली असती तं बरं होतं." मी लाटणं दाखवलं, तेव्हापासून कॉलेजच्या भट्टीत भाजून आणायचे.

सगळ्यांत चांगला रंग निघाला अंबाडीच्या लाल बोंडांचा. ज्यांची आपण चटणी करतो ना, तीच बोंडं. थंडीचे दिवस होते. बऱ्याच काचा एकीला एक जोडून त्यांनी गच्चीवर मांडल्या अन् तारेच्या टोकाचा मोहरीएवढा लाल दिवा लागला. भर दुपारी! ओंजळीचा आडोसा करून पाहावा लागला, पण लागला. सर माझ्या पाया पडले. मी म्हटलं, "माह्या कायले पडता, अंबाडीच्या पडा." तर खरंच सुपातल्या बोंडांपुढं वाकले.

अन् मग उन्हाळा आला. गुढीपाडव्याला काचा पाहिल्या तर रंग फिका, पाणी घातलेल्या चहासारखा. दिवा गेलेला. पुन्हा केल्या, पुन्हा उडाला. जांभूळ उडालं, डाळिंब उडालं, पळस, मेंदी, सगळं उडालं. ज्या उन्हावर त्यानं चालायचं, तेच ऊन त्याला खाऊन टाकायचं. सर गच्चीच्या कठड्यावर बसून म्हणायचे, "ऊन फुकट हाये मावशी. घेणाऱ्याचीच झोळी फाटकी."

मी म्हटलं, "सर, कायले जीव जाळता? बाजारात उन्हावरचा कंदील भेटते. आपाले तोच घेऊन द्या."

त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "तो कंदील कोणाच्याबी घरी लागते. आपाच्या घरी माह्या रंगाचाच दिवा लागन."

आता ही आपा कोण, ते सांगते. हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच होता.

आपा म्हणजे त्यांची मोठी बहीण. वलगावच्या पुढं एका खेड्यात दिलेली. काळी जमीन, कापूस. आपल्या वऱ्हाडात ती नापिकीची, कर्जाची वाईट सालं आली होती तेव्हाची ही गोष्ट आहे. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. सरांनी मला ती सालं रंगावरून सांगितली. म्हणाले, "मावशी, आधी अब्बाच्या दुकानात बाया लग्नाची ओढणी रंगवाले यायच्या, सणाचं लुगडं रंगवाले यायच्या. मंग येनंच बंद झालं. अन् जवा पुन्हा आल्या, तवा लाल, हिरवी लुगडी घेऊन आल्या अन् म्हनल्या, याले राखेच्या रंगाचं करून द्या. दुसरं घ्याची सोय नाई, अन् हे आता नेसता येत नाई." एकीमागून एक. अब्बा दिवसभर चांगले रंग मारून टाकत बसायचे. एके दिवशी दुकानाच्या पायरीवर आपा आली. हातात तिच्या लग्नाची ओढणी होती. अब्बांनी ओढणी घेतली, स्वतः कढईत बुडवली, स्वतः वाळवली, घडी करून तिच्या हातात दिली. त्यानंतर दुकान उघडलं नाही. पुढच्या सालात अब्बाही गेले.

आपा खेड्यातच राहिली. भाऊ अमरावतीला ये म्हणाला तरी आली नाही. दिवसा लोकांच्या वावरात निंदणी, वेचणी, अन् सांजेला शिलाई मशीन. पण त्या सालांत खेड्यात सांज झाली की वीज जायचीच. लोडशेडिंग. आपा रॉकेलची चिमणी मशीनच्या मुंडीशी टेकवून शिवायची. डोळे चुरचुरायचे, नाकात काजळी. सरांनी एकदा ते पाहिलं अन् मनात धरलं ते धरलं. आपाच्या मशीनवर दिवा लावायचा, अन् तो रंगातून काढलेला. घराण्याच्या रंगानं शेवटी जे केलं होतं ते फिटलं पाहिजे, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं. ते कधी तोंडानं बोलले नाहीत. मला आपलं तसं वाटायचं.

एका सकाळी जिन्यावरून धडधडत खाली आले. मी भाकरी थापत होते.

"मावशी, मी बयाळ हावो! रंगरेजाचा पोरगा हावो अन् रंग पक्का कसा करतात तेच इसरलो! तुरटी!"

कपडा रंगवला की शेवटी तुरटीच्या पाण्यातून काढायचा, म्हणजे रंग पक्का होतो, उडत नाही. त्यांच्या दुकानात त्याला आखरी पानी म्हणायचे. अन् त्या घराचा एक रिवाज होता, तो लक्षात ठेव. आखरी पाण्यातून निघालेल्या कपड्यावर ओला अंगठा घासून रंग सुटतो का ते पाहायचं नाही. आधीच्या पाण्यांना पाहा, हजारदा पाहा. पण शेवटच्याला अंगठा लावणं म्हणजे ज्यानं तो रंग केला त्याच्या इमानावर शक घेणं. लहानपणी सरांनी एकदा लावला होता, तर अब्बांनी भर दुकानात थोबाडीत दिली होती. ती थप्पड सांगताना सरांचा चेहरा फुलायचा, बाई!

तर सरांनी अंबाडीच्या रंगात काचा बुडवल्या, मीटर लावून एकेक तपासली, सगळ्या चालत होत्या. मग तुरटीच्या पाण्यातून काढल्या. लालाचा गडद जांभळा झाला, वांग्यासारखा. सुरेख. त्या त्यांनी कडेनं बंद केल्या, जुन्या खिडकीच्या चौकटीत ओळीनं बसवल्या अन् उन्हात ठेवल्या. पुढचा उन्हाळाभर ठेवल्या. रंग तसूभर हलला नाही. मी स्वतः पाहिलं.

मीटर त्यांनी पुन्हा लावलं नाही.

चौकट आपाकडे न्यायला मी सोबत गेले होते. एसटीत त्यांनी ती मांडीवर धरली होती, लेकरू धरावं तशी. कंडक्टर म्हणाला, "काय गा सर, मशिदीची खिडकी घेऊन चालले का?" आपानं दारातच माझा हात धरला. हसरी बाई, ठेंगणी, बोलण्यात तिखट. सरांनी पत्र्यावर चढून चौकट बसवली, तार आत आणली, एक लहान बॅटरी अन् पांढरा दिवा मशीनच्या मुंडीवर बांधला.

"चार दिवस ऊन खाऊ दे तिले," ते म्हणाले. "मंग लाव."

"अन् नाई लागला तं?" आपानं चिडवलं.

"आखरी पानी देल्लं हाये आपा."

तिनं लगेच कान पकडले. "मंग काई बोलत नाई बाप्पा."

त्यानंतरचे दिवस सरांचे सुखाचे होते. तेवढेच. आठवडी सुट्टीला सकाळच्या बसनं आपाकडं जायचे, दुपारच्या बसनं यायचे, कारण सांजेची बस नव्हती. आले की मला सांगायचे, "जयते म्हणे दिवा. चांगला जयते. ब्लाऊज शिवून राहिली." एकदा ते तिथंच मुक्काम करतो म्हणाले, तर आपानं हाकललं. "अंगठा लावाले आला का रे छोटे? अब्बा असते तं दुसरी थापड भेटली असती." हे हसत हसत परत आले. अख्ख्या गल्लीला अंबाडीचं शरबत पाजलं. मेथीवालीलाही एक पेला नेऊन दिला. ती म्हणाली, "लागला काय दिवा?" म्हणाले, "लागला!" मी तर त्यांच्यासाठी पोरगी पाहायचं बोलायला लागले होते.

मग एके सकाळी त्या खेड्यातली बाई बातमी घेऊन आली. आपा सरकारी दवाखान्यात आहे, भाजली आहे.

आम्ही दोघं गेलो. दोन्ही हात कोपरापर्यंत बांधलेले. आदल्या सांजेला कुणाच्या तरी लग्नाचं नायलॉनचं कापड शिवत होती, त्यानं पेट घेतला. परक्याचं कापड जळू नये म्हणून तिनं ते हातांनी विझवलं. चेहऱ्यावर काही नव्हतं, डोळे उघडे होते. सर खाटेजवळ बसले.

"आपा, कापड पेटलं कशानं?"

"चिमणीनं."

"दिवा होता ना? चिमणी काहून लावली?"

"सवय रे छोटे. दिवा जयतच होता. हात आपला सवयीनं चिमणीकडं गेला."

सोबतची शेजारीण उशाशी उभी होती. तिला ते सहन झालं नाही. "आता तरी खरं बोल वं माय! जी दादा, तुमचा दिवा एक सांज लागला नाई. पयल्या दिवशी काजव्यावानी मिणमिणला अन् मेला. ही रोज चिमणीवरच शिवत होती. तुमी यायच्या दिवशी चिमणी माह्या घरी आणून ठेवे."

आपा तिच्याकडे अशी पाहायला लागली, की शेजारीण तांब्या घेऊन पाण्याला निघून गेली. सरांनी आपाच्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं. मग पांघरूण सारखं केलं अन् बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून खाली बसले. मी शेजारी बसले. समोर पाहूनच बोलले.

"तुरटीनं रंगाले आपल्यातच धरून ठेवलं, मावशी. काचेवरच्या त्या पुडीले त्याचा हात धरूच देल्ला नाई. म्हणून तो उडला नाई अन् म्हणूनच त्यानं काही देल्लं नाई. जो देते तो उडते. पोरायले पहिल्या तासाले शिकवतो मी, मोजल्याबिगर मानू नका म्हणून. अन् मी मीटर लावलं नाई. सायन्स शिकवतो मी, मावशी, अन् अब्बाच्या थापडीले भेलो."

मी पाठीवरून हात फिरवला. पाठ दगडासारखी होती.

दुसऱ्या दिवशी आपाचे कपडे आणायला आम्ही तिच्या घरी गेलो. सर पत्र्यावर चढले. खालून मला दिसत होतं. त्या चौकटीवर धूळ होती, ती त्यांनी बाहीनं पुसली. रंग कालच केल्यासारखा होता, गर्द, झळझळीत. इतकं ऊन पिऊन एक डाग फिका नाही. सर त्याच्याकडे पाहत राहिले. मग जिभेला लावून अंगठा ओला केला अन् काचेवर दाबून घासला, पुन्हा पुन्हा घासला. मी हाका मारल्या, "सर, उतरा, ऊन लय हाये." ते ऐकत नव्हते.

खोली त्यांनी सोडली. कॉलेजनं पुढच्या सत्राला बोलावलं, ते गेले नाहीत. काचा, बाटल्या कुणाला देऊन टाकल्या, मला माहीत नाही. माझ्यापाशी किल्ली दिली अन् म्हणाले, "भिंत खराब केली मावशी, माफ करजा."

तेव्हापासून ते आपाच्या घरी असतात. आपाच्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली, सुई धरता येत नाही. म्हणून मशीनवर सर बसतात. ती बाजूला बसून सांगते, ते शिवतात. शिवण काही खास नाही, बाही सुटलेली असते, गळा वाकडा असतो. लोक चालवून घेतात. गावात आता सांजेलाही वीज असते बऱ्यापैकी. पण सर रंगाचं नाव घेत नाहीत. दोरा हवा असला की "तो दे," म्हणतात. कोणता तो? आपा गुलाबी म्हणते, मोरपंखी म्हणते. हे नुसतं "तो" म्हणतात. भाजी घेताना पानाला हात लावत नाहीत. एवढा बोलका माणूस, बाई! सावली सावली म्हणून माझं डोकं उठवणारा! आता उन्हाकडं पाठ करूनच बसतो.

मी एकदा आपाला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "काहून खोटं बोलली वं?"

तिनं ते चिकटलेले हात पदराखाली घेतले. "आखरी पानी फसलं, हे अब्बाच्या लेकीनं सांगावं काय? अन् तो हासत यायचा वं बाई. तुमी पाह्यला ना हासतानी?"

पाहिला होता.

अजून ती तेच सांगते. कुणी शिवायला आलं की म्हणते, "माह्या भावानं फुलाचा दिवा करून देल्ला होता, त्याच्यावर शिवलं मी." तो दिवा कधी लागला नाही हे तिला माहीत आहे. तिला माहीत आहे हे सरांना माहीत आहे. ती बोलायला लागली की सर मशीनचं पायडल जोरात मारतात, आवाजात बाकीचं बुडून जातं. मग ती थांबते, अन् हेही थांबतात. त्या घरात दोघं असे राहतात.

आता तुझ्यापाशी येते. मागच्या आठवड्यात मी तिथं गेले होते. बोलता बोलता सांगितलं, माझी नात पुण्याला हेच काम करते, काच अन् फुलाचा रंग. वाटलं, सर ऐकणारही नाहीत. पण मशीन थांबलं. पाठमोरेच म्हणाले, "तिचा रंग टिकते काय?"

मला आठवलं, तू एकदा सांगितलं होतंस की नाही टिकत आजी, आमचाही उडतो, परदेशातल्या मोठमोठ्या लोकांचाही उडतो. ते मी म्हटलं त्यांना. पण चौथी शिकलेल्या म्हातारीचं कोण मानणार? ते म्हणाले, "तुमी माह्यासाठी बोलता मावशी." अन् पुन्हा पायडल. त्या घरात आता कुणाच्या समाधानासाठी बोललेलं कुणी खरं मानत नाही, पोरी. सरांना वाटतं, जगात एकट्या त्यांचाच रंग फसला.

म्हणून तू ये. फोनवर सांगू नकोस, चिठ्ठी धाडू नकोस. तुझी उडालेली काच पिशवीत घेऊन ये, फिकी, चहाच्या पाण्यासारखी झालेली असेल ती. सरांच्या हातात दे, अन् मीटरही आण, त्यांना स्वतः लावून पाहू दे. आपाची तब्येत यंदा बरी नाही, खोकला धरून बसला आहे. ती आहे तोवर ये. वलगावची बस सकाळी असते, मी सोबत येईन. पुढच्या महिन्यावर ढकलू नकोस बाई, ह्याच आठवड्यात निघ.